पळताना पायाला मुंग्या का येतात?



नोव्हेंबर उजाडला की बहरीनमधली हवा माणसात येते आणि आपली मंडळीही घराबाहेर पडतात. दोहात अराद, हिद्दचे खलिफा बिन सलमान पार्क, रिफाचा वॉकिंग ट्रॅक, सीफचा किनारा, जिथे जावे तिथे ओळखीचा मराठी आवाज कानावर पडतोच. कोणी ५ कि.मी.ची तयारी करतो, कोणी सुट्टीत मुंबई मॅरेथॉन धरून येण्याचे मनसुबे रचतो. एरवी या छोट्या बेटाचे पळण्याशी नाते चांगलेच घट्ट आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण बहरीनच्या रूथ जेबेटने जिंकले आणि त्याच अंतिम शर्यतीत आपल्या साताऱ्याची, माण तालुक्याची ललिता बाबर दहावी आली होती. असो.

या पळणाऱ्या मंडळींची एक तक्रार दरवर्षी हमखास ऐकू येते. "तीन किलोमीटर झाले की उजव्या पायाची बोटं गायब होतात हो!" म्हणजे बोटे असतात, पण असल्याचे कळत नाही. कोणी म्हणते रक्त पोचत नाही, कोणी म्हणते गॅस झाला असेल (आपल्याकडे गॅसवर काय काय ढकलले जाते!), कोणी बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप हातात ठेवते. बहुतेकांच्या बाबतीत कारण साधे असते आणि उपाय फुकट असतो. थोड्यांच्या बाबतीत मात्र ते साधे नसते. या दोन गटांतला फरक घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखता येतो, म्हणून हा लेख.

आधी शब्द नीट लावू

आपण "पाय झोपला", "मुंग्या आल्या", "बधिर झाला", "गोळा आला" हे सगळे एकाच दमात म्हणून टाकतो. पण गोळा येणे हे स्नायूचे काम आहे, मुंग्या आणि बधिरपणा हे नसेचे. (नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू.) मुंग्या येतात तेव्हा नस दाबली जात असते, पण कुरकुर करत असते. पूर्ण बधिर होते तेव्हा तिचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. डॉक्टरांना यातले नेमके काय होते ते सांगितले तर त्यांचे अर्धे काम सोपे होते. गंमत म्हणजे अरबीतही याला "तनमील" म्हणतात आणि तो शब्द "नम्ल" म्हणजे मुंगी यावरूनच आला आहे. तेव्हा हेल्थ सेंटरमध्ये समोर अरबी डॉक्टर असले आणि इंग्रजी शब्द आठवला नाही, तर "तनमील" म्हणा, लगेच कळेल.

पहिला संशयित: बुटाची लेस

पळताना पाय बधिर होण्याचे सगळ्यात जास्त आढळणारे कारण म्हणजे बुटाचा दाब. पावलाच्या वरच्या बाजूला चरबी किंवा मांस फारसे नसते, त्यामुळे तिथल्या नसा हाड आणि कातडी यांच्यामध्ये जवळजवळ उघड्याच असतात. वरून बुटाची जीभ आणि करकचून बांधलेली लेस. बसल्या जागी काही वाटत नाही, पण पळायला लागले की पाय सुजतो, बूट काही सुजत नाही! दहा-पंधरा मिनिटांत दाब वाढतो आणि बोटे गप्प होतात.

इथे एक खूण फार उपयोगी आहे. बधिरपणा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्या बेचक्यात असेल तर त्या बेचक्याची संवेदना नेणारी नस पावलाच्या वरून, थेट लेसच्या खालून जाते. पावलाची सगळी वरची बाजू बधिर होत असेल तरीही संशय आधी लेसवरच घ्यावा.

याची परीक्षा जागेवरच करता येते. मुंग्या सुरू झाल्या की थांबा, बाकावर बसा, लेस पूर्ण सैल करा आणि बोटे हलवा. दोन-तीन मिनिटांत पाय पूर्ववत झाला तर चोर सापडला. पुढच्या वेळी लेस बांधताना पावलाचा जो भाग सर्वात उंच आहे, तिथे लेस आडवी न नेता त्याच बाजूच्या वरच्या भोकात सरळ ओवा. म्हणजे त्या एका जागी फुलीच पडणार नाही आणि नसेवरचा दाब जाईल. बाकीची लेस नेहमीसारखी बांधा. टाच मागे घट्ट राहावी म्हणून घोट्याजवळचे शेवटचे भोक वापरा. लेस बांधताना टाच आधी मागे टेकवून बसवायची आणि मग खालून वर ओढत यायचे. पुष्कळ जण फक्त वरची गाठ आवळतात आणि सगळा ताण एकाच ठिकाणी येतो.

उलटेही होते बरे का. बूट फार सैल असला तर तो निसटू नये म्हणून आपण नकळत बोटांनी तळ पकडून धरतो. तासभर अशी पकड ठेवली की बोटे बधिर होणारच.

नंबरचा घोळ

इथल्या मॉलमध्ये बूट घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. भारतात आपण जो नंबर सांगतो तो बहुधा ब्रिटिश पद्धतीचा असतो. इथे डब्यावर अमेरिकन, ब्रिटिश आणि युरोपियन असे तीन आकडे असतात आणि दुकानदार यातला कुठलाही सांगू शकतो. पुरुषांच्या बुटात अमेरिकन ८ म्हणजे बहुतेक ब्रँडमध्ये ब्रिटिश ७ किंवा साडेसात. त्यामुळे "मला आठ नंबरच लागतो" म्हणून अमेरिकन आठ उचलला, तर बूट अर्ध्या ते एका नंबराने लहान येतो! बायकांच्या बुटांत हा फरक आणखी मोठा असतो.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. पळताना जे मोजे घालणार तेच घालून जावे. दोन्ही पायांत घालून उभे राहावे (एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असणे अगदी सामान्य आहे, माप मोठ्याचे धरायचे) आणि सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा शिल्लक आहे का ते पाहावे. लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची. बालपण चपला-सँडलमध्ये गेलेल्या आपल्यापैकी अनेकांचा पंजा पुढे पसरट असतो आणि पळण्याचे पुष्कळ बूट निमुळते असतात. लांबीला बरोबर पण रुंदीला आवळणारा बूट कडेच्या बोटांना बधिर करतो. अशा वेळी एक नंबर मोठा घेण्यापेक्षा त्याच नंबरात रुंद माप मागावे. पुरुषांच्या बुटांवर ते २ई किंवा ४ई असे लिहिलेले असते. सेलच्या ढिगात ते सापडत नाही, विचारावे लागते.

"मग अनवाणीच पळावे की!" असे कोणीतरी म्हणतेच आणि दाखला असतो बारामतीच्या लता करे यांचा. २०१३ साली साठी ओलांडलेल्या या बाईंनी नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून बारामतीच्या स्पर्धेत नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी धावून ज्येष्ठांच्या गटात पहिला क्रमांक मिळवला. त्यांच्यावर पुढे २०२० मध्ये चित्रपटही आला. त्यांच्या जिद्दीला सलामच. पण ते पाय आयुष्यभर शेतात आणि रस्त्यावर तयार झालेले होते. आपले पाय एसी ऑफिसात, मोज्यात वाढलेले. बरोबरी करू नये.

बहरीनची सपाटी आणि ट्रेडमिल

आपल्या बेटाची दोन वैशिष्ट्ये या तक्रारीला हातभार लावतात. एक म्हणजे इथली जमीन. बहरीनचा सर्वात उंच डोंगर जबल अल दुखान, तो जेमतेम १३४ मीटर. साताऱ्याच्या घाटात पळणाऱ्याचे पाऊल चढावर वेगळे पडते, उतारावर वेगळे. इथे पहिले पाऊल आणि पाचहजारावे पाऊल अगदी सारखे, दाबही त्याच जागी.

दुसरे म्हणजे उन्हाळा. जून ते सप्टेंबर बाहेर पळणे शक्य नसते (भर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावरच्या कामालाही इथे कायद्याने बंदी असते), म्हणून सगळे जिममध्ये ट्रेडमिलवर. तिथे वळण नाही, खड्डा नाही, वेगही बदलत नाही. त्यामुळे बाहेर १० कि.मी. आरामात पळणाऱ्याचे पाय ट्रेडमिलवर वीस मिनिटांत बधिर होतात. यात आजार काही नाही. दर चार-पाच मिनिटांनी वेग थोडा बदला, चढ एक-दोन टक्क्यांनी वर-खाली करा, दहा मिनिटांनी मिनिटभर चाला. समोरचा टीव्ही पाहण्याच्या नादात पावले लांब लांब पडत असतील तर ती जवळ आणा. लांब ढांग टाकली की पाय शरीराच्या फार पुढे आपटतो. पळण्याआधी आणि नंतर पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम केला तर पंजावर येणारा भार कमी होतो. मोजे सुती नकोत, घामाने भिजून ते गोळा होतात आणि बोटांत रुततात.

लेस, बूट, मोजे आणि ट्रेडमिल, एवढे सगळे पाहूनही दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला, तर मात्र पुढचा विचार करायला हवा.

बूट निर्दोष ठरला तर

जागा कुठली, हे इथे नीट पाहावे. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये बधिरपणा, जळजळ आणि बुटात खडा गेल्यासारखे वाटत असेल (बूट झटकला तरी खडा काही पडत नाही), तर त्या दोन बोटांमधली नस जाड झालेली असू शकते. याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात आणि उंच टाचांच्या, निमुळत्या चपला घालणाऱ्या स्त्रियांमध्ये तो अधिक दिसतो. तळव्याला मुंग्या आणि घोट्याच्या आतल्या बाजूला टिचकी मारली की झिणझिण्या, असे असेल तर नस घोट्यापाशी दाबली जात असावी. आणि प्रत्येक वेळी ठराविक अंतर पळल्यावर पोटरी दगडासारखी घट्ट होते, दुखते, मग पाऊल बधिर होते आणि थांबल्यावर काही वेळात सगळे आपोआप ओसरते, असे चक्र असेल तर पोटरीच्या स्नायूंभोवतालचे आवरण ताणले न गेल्याने आतला दाब वाढतो, हे कारण असते. यावर लेस सैल करून उपयोग होत नाही. तिथे ऑर्थोपेडिक किंवा स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांनाच दाखवावे.

कंबर विसरू नका. दिवसभर खुर्चीत आणि मग गाडीत बसून मणक्यातली नस दाबली गेली, तर दुखते कंबरेपासून खाली आणि बधिर होते पाऊल. खोकताना, शिंकताना कळ पायात जात असेल तर बुटांच्या दुकानाऐवजी डॉक्टरकडे जावे.

पळत नसतानाही मुंग्या?

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. वर सांगितलेला बुटाचा बधिरपणा एका पायात जास्त असतो, पळतानाच येतो आणि थांबल्यावर जातो. पण दोन्ही पायांची बोटे, दोन्हीकडे साधारण सारखीच, रात्री अंथरुणात पडल्यावरही झिणझिणत असतील, तळव्याला कापसावर चालल्यासारखे वाटत असेल, चप्पल पायातून निसटली तरी कळत नसेल, तर ते पळण्यामुळे नाही. पळताना फक्त लक्षात आले एवढेच. आपल्या मंडळींत याची दोन कारणे प्रामुख्याने दिसतात: साखर आणि बी-१२.

मधुमेहाचे प्रमाण जास्त असलेल्या देशांत आखाती देश आहेतच आणि आपल्या दक्षिण आशियाई शरीराला तो तुलनेने कमी वयात, कमी वजनावरही गाठतो. "मी तर रोज पळतो, मला कसा होईल?" हा युक्तिवाद चालत नाही. पायाच्या नसा शरीरातल्या सर्वात लांब, म्हणून वाढलेल्या साखरेचा मार तिथे आधी बसतो, आणि तोही कळायच्या आत. रिपोर्ट पाहताना उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेहाची पातळी. बहरीनमध्ये काही लॅब मिलिमोलमध्ये आकडा देतात, तिथे तो ७ असतो. (७ पाहून "अरे वा, किती कमी!" म्हणू नका, १८ ने गुणा.) एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त असले तरी तेच, आणि ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. निदान पक्के करायला डॉक्टर बहुधा तपासणी पुन्हा करतात.

दुसरे बी-१२. हे जीवनसत्त्व भाज्या, डाळी, धान्ये यांत नसते. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. शुद्ध शाकाहारी आणि त्यातही दूध-दही बेताचे असलेल्या घरांत ते कमी पडते. यकृतात साठा असल्याने कमतरता जाणवायला काही वर्षे लागतात, म्हणून "आजवर काही झालं नाही" याला अर्थ नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांचे बी-१२ त्या औषधानेही कमी होऊ शकते, म्हणजे एकाच पायावर दोन्हीकडून मार. गोळी स्वतःहून बंद मात्र करायची नाही, डॉक्टरांना बी-१२ तपासायला सांगायचे. वेळेत कळले तर पूरक औषधाने चांगला फरक पडतो, फार उशीर झाला तर नसेचे नुकसान पूर्ण भरून येत नाही.

आणि ती बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप! भारतातून येताना पिशवीत चार स्ट्रिपा असतातच. यातल्या काही गोळ्यांत बी-६ खूप मोठ्या मात्रेत असते आणि ते महिनोन् महिने घेतले तर त्यानेच पायांना बधिरपणा येतो. तपासणी न करता घेत राहू नये.

घरात आई-बाबा आलेले असतील तर

हिवाळ्यात बऱ्याच घरी भारतातून आई-बाबा येतात आणि संध्याकाळी आपल्याबरोबर पार्कात चालायला निघतात. बाबांना पंधरा वर्षांचा मधुमेह असतो, पायाची तक्रार विचारली तर "काही दुखत नाही" म्हणतात. दुखत नाही हीच कधीकधी तक्रार असते, हे आपल्याला पटकन सुचत नाही.

वेल्लोरला काम केलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांबद्दल हेच दाखवून दिले होते. लोक समजत की रोगाने बोटे झडतात. प्रत्यक्षात बधिर झालेल्या पायाला खिळा, खडा, चटका कळत नाही, जखम तशीच चालवली जाते आणि पाय त्याने जातो. मधुमेहाच्या बधिर पायाचेही तसेच.

इंग्लंडच्या इप्सविचमधल्या डॉक्टरांनी घरच्यांना करता येईल अशी एक सोपी चाचणी रूढ केली आहे. बाबांना मोजे काढून झोपवा, डोळे मिटायला सांगा. आपल्या तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना अगदी हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबायचे नाही, गुदगुल्या नाहीत, एका बोटाला एकदाच. स्पर्श कळला की त्यांनी "डावा" किंवा "उजवा" म्हणायचे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही तर पायाची संवेदना कमी झाली असण्याची दाट शक्यता असते, डॉक्टरांना लवकर दाखवा. पाच मिनिटांचे काम आहे. चहा होईपर्यंत होते.

असा पाय असेल तर इथल्या वाळूत, स्विमिंग पूलच्या तापलेल्या फरशीवर किंवा पार्किंगमध्ये अनवाणी चालू देऊ नये. आपण "हाय हाय" करत उडी मारतो, त्यांना चटका कळतच नाही आणि रात्री फोड दिसतो. देवदर्शनाला चपला काढाव्या लागतात तिथे मोजे घालावेत आणि दुपारची वेळ टाळावी. शेक घेताना पाण्याची ऊब पायाने न पाहता हाताच्या कोपराने पाहावी. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघाव्यात, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून. बूट घालण्याआधी आत हात फिरवावा. त्यांनी चालणे बंद करावे असे नाही, पण नेमके किती आणि कसल्या बुटात हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

कशासाठी थांबायचे नाही

बधिरपणाबरोबर पायातली ताकद गेली, पाऊल वर उचलता येईना, मांड्यांच्या मध्ये बसायच्या जागी बधिर झाले किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला इस्पितळ गाठा. पाऊल एकाएकी थंडगार, पांढरे पडून दुखू लागले तरीही. एका बाजूचा चेहरा, हात आणि पाय एकदम बधिर झाले, बोलणे अडखळले तर सरळ ९९९ ला फोन.

एरवी डॉक्टरांकडे जाताना एक छोटी चिठ्ठी बरोबर न्या: कुठली बोटे, एक पाय की दोन्ही, किती मिनिटांनी सुरू होते, थांबल्यावर किती वेळात जाते, रात्री होते का, कुठली औषधे आणि गोळ्या चालू आहेत (भारतातून आणलेल्या धरून), घरात कोणाला मधुमेह किंवा थायरॉइड. आणि पळायचे बूट पिशवीत घालून घेऊनच जा. तळ कुठल्या बाजूने झिजला आहे ते डॉक्टर बघतील. डॉक्टरांनी पाय पाहायला बूट-मोजे काढायला सांगितले नाही, तर आपणहून काढून दाखवा.